शेवटच्या ओळीचं पाणी

आमच्या कालव्यात पूर्वी एक मासळी होती. पूर्वी म्हणजे फार पूर्वी नाही, माझी मिशी काळी होती तेव्हा. तिच्या पाठीवरून सांगवीच्या बाजाराहून आलेल्या बैलगाड्या पलीकडं जायच्या आणि बैलांना वाटायचं, पूल आला. ही गोष्ट मी भावकीतल्या सगळ्या लग्नांत सांगितली आहे. ऐकणारे काही हसतात, काही उठून पान खायला जातात. पण माझा पुतण्या इंद्रजित याच्या लग्नात, अंगाची हळद अजून ओली असलेली नवरी पदर जरा मागं सारून म्हणाली,

"व्हय तात्या. ती आमच्या सुप्याला आली हुती, पावनी म्हून."

पान खायला उठलेले परत येऊन बसले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! आमच्याकडं पानी कुठं हाय? दोन दिस वाट बघितली आन बिचारी चालत माघारी गेली. पायाला ही एवढं फोड. माझ्या आयनं हळद लावली, तवा कुठं पिंपळीपतूर पोचली."

"माशाला पाय?" कुणी तरी मागून ओरडलं.

"मग सुप्यापतूर आली कशी ती?" नवरी म्हणाली.

तिचं नाव स्वरूपा. त्या दिवसापासून मी माझी मासळी कालव्यात सोडून दिली ती दिलीच. पुन्हा सांगायची छाती झाली नाही.

गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला आणि त्या तापातच ती गेली. लग्नाला चार वर्षं झालेली, मूलबाळ अजून नव्हतं. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली की बारामती-इंदापूर रस्त्यावरचा टेम्पो थांबवणारी बाई तापानं जाते, हे मीच तुम्हाला रचून सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दत्तोबा, जरा पटंल असं सांग.

ती आमच्यात आली तेव्हा आजूबाजूला सगळा ऊस. इंद्रजित बारामतीला एमआयडीसीत कंपनीत पाळ्या करायचा, आणि घरचा ऊस आपला आपण वाढायचा. ही सुप्याकडची, माळावरची पोर. तिकडं पाणी म्हणजे टँकर. इथं कालव्याच्या कडेला उभी राहून ती पाण्याकडं अशी बघायची, जशी मी जत्रेत जिलेबीकडं बघतो. सहा महिन्यांत तिनं ऊस मोडला आणि पेरूची बाग लावली. ठिबक अंथरलं. ठिबकवाल्यानं ओळींचं पाणी सोडायचे-अडवायचे कॉक बसवले आणि त्यांच्यावर रंगानं एक, दोन, तीन असे आकडे घातले. रंग पहिल्या उन्हाळ्यात उडाला. मग स्वरूपानं त्यांना नावं ठेवली.

नावं ठेवली म्हणजे दोन्ही अर्थांनी.

एका कॉकमधून बंद असताना पण दिवसभर सूं सूं आवाज यायचा, आणि जवळ गेलं की अंगावर पाणी उडायचं. त्याचं नाव आत्याबाई. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात, हे वेगळं सांगायला नको. एक कॉक इतका घट्ट की लाथ घातल्याशिवाय उघडायचा नाही. तो मामंजी, म्हणजे माझा वारलेला थोरला भाऊ अप्पा. एक उघडला की बंद व्हायला तयार नसायचा, तो पाव्हणा. आणि एक उघडला की आधी फुस्स, मग फटाक, मग असा काही घुरघुरायचा की वाटावं आता सगळी बाग वाहून जाणार. पण बाहेर पडायची करंगळीएवढी धार. बाकी सगळी हवा.

त्याचं नाव तात्या. म्हणजे मी.

बागेत कामाला छबूबाईची टोळी यायची. पाच-सहा बाया, सगळ्या पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं. स्वरूपा झाडात शिरलेली असायची आणि तिथनंच हाळी द्यायची, "आत्याबाईऽऽ!" की एक बाई पळत जाऊन तो कॉक उघडायची. "तात्याऽऽ!" की दुसरा. शेजारच्या उसातल्या माणसांना वाटायचं, ह्या घरात रोज भांडणं होतात.

प्रयागवहिनींना, म्हणजे तिच्या सासूला, ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचे गुडघे गेलेले. घर ते अंगण, एवढंच त्यांचं राज्य.

ती गेल्यावर वर्षभर बागेचं पाणी मी बघितलं. इंद्रजित बागेत पाऊल टाकत नव्हता. कंपनीतून यायचा, भाकरी खायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. आणि वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं तेव्हा जेवता जेवता म्हणाला,

"विधी झाला की दुसऱ्या दिवशी जेसीबी सांगितलाय. बाग काढायची."

वहिनींचा हात परातीत थांबला. "काढायची म्हंजी?"

"उपटायची. ऊस लावायचा. उसाकडं बघाया लागत न्हाय."

"अरं, फळ धरलंय आता. तिच्या हातची झाडं ती," मी म्हटलं.

"म्हूनच." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तिच्याच हातची हायती, तात्या. माझ्या हातचं एक पान बी न्हाय तितं. ती बागंत आन मी कंपनीत. तिकडं बघितलं की तेवढंच दिसतं. मी कुठंच न्हाय त्या बागंत."

ज्या माणसाला बैलगाडीखाली मासळी सुचते, त्यानं ह्यावर नुसता पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

विधी साधाच झाला. सुप्याहून तिचे आईवडील आले, जेवून संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. जाताना तिच्या आईनं बागेतला एक पेरू पदरात बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी जेसीबी दुपारनंतर येणार होता, सूरज नावाच्या पोराचा. त्याच्या आत निघंल तेवढा माल काढायचा, म्हणून सकाळी छबूबाईची टोळी बोलावलेली. दहिवर पडलेलं. बायांची लुगडी गुडघ्यापर्यंत भिजली. पेरूला घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रात्रीचा दमटपणा साचलेला, पिशवीला हात लागला की थंड वाटायचं. कात्री देठाला लागायची, कट्ट आवाज, फळ हातात, हातातून कॅरेटमध्ये. एरवी ह्या बाया कामाला लागल्या की कुणाची सून, कुणाचा जावई, सगळ्यांची पूजा बांधायच्या. आज फक्त कात्र्यांचा आवाज.

इंद्रजित रजा काढून आला होता. बांधावर उभा होता, परक्याच्या शेतात उभं राहावं तसा, पायात कंपनीचे बूट घालून.

आणि वहिनी आल्या. हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात काठी, दर चार पावलांवर थांबत. बाग लावली तेव्हापासून त्या तिथं पहिल्यांदाच येत होत्या, आणि बाग तर आज जाणार होती.

"वहिनी, कशाला आलात एवढ्या लांब?"

"बघितली न्हाय ओ कवा. बघून तरी घेती."

त्या कॅरेटवर बसल्या, गुडघे दोन्ही हातांनी दाबत. तेवढ्यात लाईट आली. मोटर ऑटोवर होती, ती आपोआप सुरू झाली. एकही कॉक उघडा नव्हता. पाईप थरथरायला लागला.

"कॉक उघडा!" इंद्रजित ओरडला. "न्हायतर पाईप फुटंल! चार नंबर उघडा!"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"चार नंबर!"

छबूबाई झाडातून बाहेर आली. कात्री कमरेला खोचत म्हणाली, "चार नंबर म्हंजी कोन वो, दादा?"

"कोन म्हंजी? चार! चौथा!"

"तसं कसं कळंल आमाला? आत्याबाई का पाव्हणा?"

मी खोकलो. जोरात खोकलो. पण छबूबाई कानानं जरा जड आणि जिभेनं हलकी. पाईप आता सापासारखा हलत होता.

"दादा, फुटंल आता! आत्याबाईलाच उघडते, ती जवळ हाय!" आणि ती वाकली, आणि कॉक फिरवला, आणि सवयीनं म्हणाली, "गप गं बया आता, दिसभर नुसती सूं सूं!"

मग तिच्या ध्यानात आलं की कॅरेटवर कोण बसलंय.

वहिनींनी किटली खाली ठेवली. "काय म्हनलीस?"

"न्हाय आक्का... कॉकला म्हनलं."

"कॉकला आत्याबाई कोन म्हनतं?"

एक बाई उगाच रिकामी पिशवी दुमडायला लागली. वहिनी काठी टेकत उठल्या आणि त्या कॉकपाशी गेल्या. वाकल्या. कॉकनं सूं केलं आणि त्यांच्या तोंडावर, चोळीवर, चष्म्यावर पाण्याची चिळकांडी उडवली.

"हिचं नाव स्वरूपानं ठिवलं?" चष्मा तसाच ओला. आवाज असा की बायांनी माना खाली घातल्या. "माझ्या नावाच्या कॉकला लाथा घालीत व्हता व्हय गं तुमी समद्या?"

"न्हाय वो आक्का, देवाशप्पत!" छबूबाई कळवळली. "आत्याबाईला न्हाय. लाथ मामंजींना!"

वहिनींनी चष्मा पदराला पुसला. मग विचारलं, "मामंजी म्हंजी... आमचं हे?"

"व्हय. त्ये तिकडलं. लई घट्ट. लाथ बसल्याबिगर उघडतच न्हाईत."

"आन लाथ घातल्यावर उघडत्यात?"

"लगीच."

वहिनींचं पोट आधी हललं. मग खांदे. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तो तिथं टिकला नाही. "अगं बया बया! तिनं चार वर्सांत जमवलं की गं. मला उभ्या संसारात जमलं न्हाय!"

वर्षभरात त्या घरातलं ते पहिलं हसू. आणि बाईमाणूस हसायला लागलं की एकटं हसत नाही. सगळी टोळी बसली मातीत. कुणाला ठसका लागला, एकीनं हसत हसत पलीकडचा कॉकही उघडला. वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "आन ह्यो फुसफुसतोय तिकडं, ह्यो कोन?"

सगळ्या बायांनी माझ्याकडं बघितलं. वहिनींना पुढं विचारावं लागलं नाही.

"अगदी बरुबर ठिवलंय," त्या म्हणाल्या.

हसत नव्हता तो एकटा इंद्रजित. तो बांधावरून खाली उतरला. हसणं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला,

"आन माझं?"

बायांचं हसू ओसरलं.

"सगळ्यांची नावं ठिवली तिनं. आयचं, अप्पाचं, तात्याचं. पाव्हण्याचं सुदिक. माझं कंचं?"

"तुझा हाय की," मी म्हटलं. "शेवटचा. उसाच्या बांधाकडचा. त्याचं नाव अहो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ अविश्वासानं बघणारे बघितलेत, पण असं नाही.

"तात्या, आज तरी नगा. मला बरं वाटावं म्हून काय बी रचून सांगू नगा."

काय करणार? वाघाच्या गळ्यातली घंटा मी सोडवून आणली, असं एकदा सांगितलं, ते अर्ध्या गावानं मानलं. खरं सांगितलं ते सख्ख्या पुतण्याला पटंना. मी तोंड मिटून कॅरेटवर बसलो आणि छबूबाईकडं बघितलं.

"खरं हाय, दादा," छबूबाई म्हणाली. "अहो नावाचा कॉक हाय. पर त्यात आमचा एक घोळ झाला."

"कसला घोळ?"

छबूबाईनं मान खाजवली. "म्हंजी कसं, ती झाडात शिरलेली असायची. आमी हिकडं. तिनं 'आत्याबाई' म्हनलं की आत्याबाई उघडायची. 'अहो' म्हनलं की अहो. हे आमाला पाठ झालेलं. आन ती दिसातनं सारखी म्हनायची, अहोऽऽ! मग आमी काय करनार? पळत जायचं आन कॉक उघडायचा. एकदा तर भर पावसात उघडला वो. आमाला वाटायचं, शेवटच्या वळीला हिचा लई जीव."

"मग?"

"मग दोन सालांनी कळलं, ती कॉकला म्हनतच नव्हती. तुमाला म्हनायची."

इंद्रजितच्या भुवया जवळ आल्या. "मी तर कंपनीत असायचो."

"त्येच की! घोरपड दिसली, 'अहोऽऽ, बघा की!' पयलं फूल दिसलं, 'अहोऽऽ!' त्ये लांब पायाचं गुलाबी पक्षी उजनीकडं जातेत बघा, हिवाळ्यात, त्ये डोक्यावरनं गेलं की हातातली कात्री टाकून, 'अहोऽऽ, लवकर या!' मग तिलाच आठवायचं, हे तर कामावर. जीभ चावायची आन पुन्ना कामाला. तवर आमी कॉक उघडून मोकळ्या. आन एकदा उघडला की लाईट जाईस्तवर तसाच वाहायचा, बंद कर म्हनतंय कोन?"

इंद्रजित शेवटच्या ओळीकडं चालायला लागला. आम्ही मागं. वहिनीसुद्धा, माझा दंड धरून.

बागेतली बाकीची झाडं माणसाच्या हाताच्या उंचीवर छाटलेली, शिस्तीत. शेवटची ओळ आली आणि सावलीच बदलली. तिथं झाडं माजली होती. दर साली छाटायची आणि दर साली ती पुन्हा वर. फांद्या बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसात घुसलेल्या, उसाच्या वर डोकं काढून पलीकडं बघत होत्या. पान हातापेक्षा मोठं. बुंधा असा की इंद्रजितनं त्याला हात घातला आणि हाताला हात मिळाला नाही. मी सांगतोय म्हणून कमी करून घ्या, पण जाऊन बघायला कुणाची ना नाही.

त्यानं मान वर केली. पानांतून ऊन त्याच्या तोंडावर पडत होतं.

"मावशी," त्यानं वर बघतच विचारलं, "दिसातनं किती डाव म्हनायची ती?"

"आता त्ये कसं सांगू दादा?" छबूबाई म्हणाली. "त्या झाडालाच इचारा."

उसाची पाती एकमेकांवर घासत होती.

"तिला कळल्यावर ती काय म्हनली?" वहिनींनी विचारलं.

"काय म्हननार! आधी त्या सरीत बसून हासली, पोट धरून. आमी म्हनलं, बाई, चुकलं आमचं, हितनं पुढं इचारून उघडू. तर म्हनली कशी, राहू द्या मावशी. तसंच चालू द्या. तिकडं कंपनीत ह्यांना पान्याला कोन इचारतंय? हितं तरी पिऊ द्या पोटभर."

इंद्रजित त्या बुंध्याला पाठ लावून खाली बसला. कंपनीचे बूट काढले, मोजे काढले, पाय ओल्या मातीत ठेवले. वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "च्या गार झाला गं समदा," आणि स्वतःच किटली आणायला वळल्या, गुडघे विसरून.

चहा पिऊन झाल्यावर त्यानं फोन काढला.

"सूरज? येऊ नगं. न्हाय, उद्या बी नगं. काढायची न्हाय बाग... व्हय, कळतंय, तू डिझेल भरून बसलास. शिव्या घाल. घालून झाल्यावर हिकडं ये, पेरू खा... न्हाय रं, मन बदललं न्हाय. मला इथं काम लागलंय."

बाया उठल्या, कात्र्या घेतल्या. आता त्यांच्या जिभा सुटल्या होत्या. छबूबाईच्या जावयापासून सुरुवात झाली आणि तो बिचारा दुपारपर्यंत सुटला नाही. वहिनी आत्याबाईशेजारी कॅरेट टाकून बसल्या आणि तिच्याशी काहीतरी कुजबुजत राहिल्या. ती सूं सूं करत होती, ह्या हूं हूं करत होत्या. दोघींचं बरं चाललं होतं.

मी तात्याची हवा काढत शेवटच्या ओळीच्या अलीकडं बसलो होतो. तिथून मला इंद्रजित दिसत होता. तो अनवाणी बांधाकडं गेला. अहोपाशी उकिडवा बसला. हात लुंगीला पुसावा तसा पँटीला पुसला आणि कॉक फिरवला. कसलाही आवाज न करता पाणी नळ्यांतून पुढं गेलं, एकेका बुंध्याशी थेंब थेंब पडायला लागलं. तो ऐकत बसला. मग इकडं तिकडं बघितलं, कुणी जवळ नाही अशी खात्री केली, आणि हळूच म्हणाला,

"ओ."

आता तो कंपनीत पहिली पाळी मागून घेतो आणि दुपारी बागेत येतो. छाटणी शिकतोय. छबूबाई त्याला रोज हसते आणि तो हसून घेतो. शेवटच्या ओळीला मात्र कात्री लावू देत नाही, आणि पाणी तर तिथं इतकं देतो की सरीत डबकं साचतं. परवा सकाळी मी तिथून चाललो होतो, तर त्या डबक्यात मला एक मासळी दिसली. चांगली मोठी. पायाला हळद होती.